पाठ करून दिलेलं पाणी

अप्पा,

तापलेलं पातं पाण्यात सोडताना तुम्ही आमच्याकडे पाठ का करत होता? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. गेले सात महिने तो माझ्याबरोबर उठतो, जेवायला बसतो, भाता ओढतो. तिघांना विचारून पाहिलं. अव्वा म्हणाली, "वाफ आमच्या अंगावर येऊ नये म्हणून असंल की." मामा म्हणाला, "इद्या चोरीला जाऊ नये म्हणून. दुसरं काय?" खाटीक गल्लीतले चाचा, ज्यांच्या सगळ्या सुऱ्या तुम्ही घडवल्या, ते हसले आणि म्हणाले, "वो तेरे अब्बा का और पानी का मामला था बेटी. मैं कैकू बीच में बोलूँ?" तिघांचंही खरं वाटतं आणि एकाचंही पुरत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुमची पाठ मात्र मला अजून स्पष्ट दिसते, घामानं चिकटलेल्या बंडीसकट. तोंड आठवायला थोडा वेळ लागतो.

भट्टीची खोली आठवते. पत्र्याचं छप्पर, एकच दार, दारावर ओलं गोणपाट. भर दुपारी आत गेलं की डोळ्यांपुढे काळोख येतो. तुम्ही ऐरणीपाशी बसलेले आहात, डाव्या हातात सांडस, उजव्या हातात लहान हातोडा. समोर अव्वा उभी, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी घण उचललेला. तुमच्या हातोड्याची टिचकी जिथे पडते तिथेच तिचा घण पडतो. टिक, धप्प. टिक, धप्प. दोघांत एक शब्द नाही. मी दाराशी भात्याची दोरी ओढते आहे. मग पातं पुन्हा निखाऱ्यात जातं, तुम्ही त्याच्याकडे टक लावून बघता, एकदम उठता आणि दगडी डोणीकडे तोंड करून उभे राहता. आम्हाला फक्त पाठ. चर्र असा आवाज येतो, वाफ पत्र्याला लागते. अव्वा घण पायाशी टेकवून उभी असते. बाईनं भाता ओढलेला चालायचा, घण मारलेला चालायचा. सांडस तिच्या हातात कधी गेली नाही. असा नियम कुणी बोलून दाखवला नव्हता. एकदा मी दमून ऐरणीवर बसले, तेव्हा तुम्ही मला दंडाला धरून उठवलंत. "ती काळम्मादेवीची मांडी हाय. तितं बसत्यात व्हय?" एवढंच बोललात, पण त्यानंतर कितीतरी दिवस मी ऐरणीकडे बघितलं नाही.

तुम्ही गेल्यावर भट्टी बंद झाली. अव्वा बिड्या वळायला लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मामा मैंदर्गीहून यायचा, ऐरणीची आणि हातोड्यांची पूजा करायचा, नैवेद्य दाखवून दाराला परत कडी. मी त्या बिड्यांवर शिकले. आपल्या घरात आधी कुणी मॅट्रिकही नव्हतं, मी बी. ए. झाले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी श्रमप्रतिष्ठेवर भाषण केलं आणि पहिलं बक्षीस म्हणून गजराचं घड्याळ मिळालं. ते घेऊन घरी आले तर अव्वा सूप मांडीवर घेऊन बसलेली, तंबाखूनं बोटं काळी पडलेली. "छान वाजतंय की," म्हणाली घड्याळाकडे बघून. मी अर्धा तास श्रमाबद्दल बोलून आले होते आणि माझ्या तळहातावर शाईशिवाय काही डाग नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी भट्टीची कडी काढली.

अव्वा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "पानं कातरता कातरता माझी बोटं गेली, ती तू राखंत बसावीस म्हणून न्हाय." एका ऑफिसात कारकुनाची जागा मिळण्यासारखी होती, तिचा जीव त्यात अडकला होता. मामाला निरोप गेला. मामा आला तो वेगळंच मनात घेऊन आला. त्याची ऐरण कडेला फुटली होती आणि आपली ऐरण इथे गंजत होती. त्याचं काही चुकत नव्हतं. तो म्हणाला, "अक्का, पोरगीला खंडेनवमीपर्यंत खेळू दे. खाटकाच्या हातात टिकंल अशी एक सुरी तिनं केली तर ऐरण हितंच. न्हाय झाली तर मी गाडीत घालून नेतो, आनि पोरगी हापिसात जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पर एक ध्यानात ठेव. लोखंडाला इंग्रजी कळत न्हाय."

पंधरा दिवस राहून त्यानंच मला शिकवलं. तो खुरपी, कुळवाच्या फासा, गाडीच्या धावा करतो. सुरी हे त्याचं काम नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. जुन्या ट्रकच्या कमानीचा पाटा तोडून पातं कसं ओढायचं ते दाखवलं. माझा हातोडा कडेवर पडायचा आणि प्रत्येक घावाची चंद्रकोर पात्यावर उमटायची. लोखंड काळं पडलं तरी मी ठोकत राहायची, मग मनगटातून कळ कोपरापर्यंत जायची. धारेची बाजू ठोकून पातळ करायला घेतली की पातं केळीसारखं वर वाकायचं. अशी चार पाती गेल्यावर मामा म्हणाला, ते आधीच उलटं वाकवून घ्यायचं, म्हणजे ठोकता ठोकता आपोआप सरळ येतं. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर वहीत लिवलं असतंस." वही माझी खरंच होती. घड्याळ मी भट्टीत खिळ्याला टांगलं होतं. निखाऱ्यात किती मिनिटं, पाण्यात किती सेकंद, सगळं लिहायची. घण मारायला अव्वा आली. पदर खोचला आणि उभी राहिली. तिचा घण अजून जिथे सांगितलं तिथेच पडतो.

आणखी एक गोष्ट मी केली. अव्वाला बिडीच्या तंबाखूनं खोकला धरलेला, त्यात भट्टीचा धूर. मी गवंडी बोलावून मागच्या भिंतीत खिडकी पाडली. हवा आली, उजेड आला. मला वाटलं, इतकी वर्षं माझ्या माणसांनी हा काळोख उगाच सोसला. भिंतीपलीकडे आता यंत्रमागाची शेड झाली आहे, त्याची खटखटही आत आली. ती मला आवडली, खोटं कशाला सांगू. कामाच्या आवाजात आणखी कामाचा आवाज.

पहिली सुरी घेऊन मी चाचांकडे गेले. त्यांनी अंगठा आडवा फिरवला, मान हलवली, हाडाच्या सांध्यावर एकदा टेकवून दाबली. धारेतून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. तो त्यांनी चिमटीत उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "ये ले. छुरी नहीं, ये तो पापड़ है." दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांचे दात पडले. गल्लीतली माणसं मी दिसले की म्हणायची, "चाचा, बीए की छुरी आई." चाचा त्यांना गप्प करायचे, पण स्वतःही सोडायचे नाहीत. "तेरे अब्बा की छुरी बकरा काटती थी बेटी. तेरी छुरी मेरा दिमाग काटरी."

आता जे सांगते ते वाचून तुम्हाला राग येईल. चौथीत मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तुम्ही झिजलेल्या कानशीचा एक चाकू करून दिला होता, पेन्सिलला टोक करायला. बाभळीची मूठ, बोटभर पातं. मी तो बी. ए.च्या परीक्षेपर्यंत वापरला. त्याच्या पात्याला कधी दात पडला नाही. एक दिवस मी तो मामा मागे ठेवून गेलेल्या पकडीत धरला आणि हातोडीनं मोडला. मला आतलं लोखंड बघायचं होतं. माझं मोडलेलं पातं शेजारी ठेवलं. तुमच्या पात्याचा पोत आत बारीक रव्यासारखा होता. माझा खडीसाखरेसारखा, चमकणारा, भरड. अव्वानं दोन्ही तुकडे बघितले. चाकू कुठला ते तिनं ओळखलं. म्हणाली, "लई तापवतीस तू."

"मामानं सांगितलं तेवढंच तापवते. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल."

"ह्या खिडकीच्या उजेडात डाळिंब दिसायला लागलं म्हंजे आतनं ते पेटलेलं असतंय. अंधारात बघ."

तुमचा काळोख म्हणजे दारिद्र्य असं मी धरून चालले होते. "पाडायच्या आधी का बोलली नाहीस?" मी विचारलं. "तू माझ्या खोकल्यासाठी पाडलीस की," ती म्हणाली. "नको कसं म्हनू?" मी खिडकीवर गोणपाट टांगलं. काळोखात निखाऱ्यातलं पातं बघितलं तेव्हा कळलं, इतके दिवस मी जे डाळिंब म्हणत होते ते खरं तर पिकल्या पपईच्या रंगाचं होतं.

त्यानंतर दात पडायचे थांबले. आता धार वळायला लागली. चाचांनी पातं नखावर दाबून दाखवलं, ते कागदासारखं वाकलं आणि तसंच राहिलं. "पहले पापड़ थी, अब चपाती है," ते म्हणाले. गणपती बसून उठले, पितरांचा पंधरवडा लागला. तुमची तिथी झाली. मी वहीत पाच सेकंद लिहायची, सात लिहायची, नऊ लिहायची. एखादी चांगली यायची, तिच्यासारखीच घडवलेली पुढची मऊ निघायची. पाण्यात फक्त धार बुडवायची, बाहेर काढायची, विटेवर घासायची, पात्याच्या पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे उतरते, धारेवर कडब्याचा पिवळा रंग आला की सगळं पातं पुन्हा पाण्यात. एवढं मला माहीत झालं होतं. पण पहिल्यांदा बाहेर कधी काढायचं? रात्री पडल्या पडल्या मी तुमच्याशी भांडायची. एकदा तरी वळला असता तर.

त्या दिवसांत विजेची कपात चालू होती आणि मागांची शेड आठवड्यातून एक ठरलेला वार बंद असायची. त्या वारी सहसा आम्हीही भट्टी पेटवत नसू, पण दिवस उरले नव्हते. मी पातं तापवलं, डोणीत धार सोडली आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागले. मागून अव्वा म्हणाली, "काढ."

मी आणखी दोन सेकंद थांबले, वहीत नऊ होतं म्हणून.

"गेलं की," ती म्हणाली. "काढ म्हनलं तवा काढायचं."

"तुला काय माहीत?"

ती घण पायाशी टेकवून उभी होती, तुमच्या वेळी उभी राहायची तशीच. म्हणाली, "माझे हात रिकामे व्हायचे तवा मी मोजत बसायची. दुसरं काय करनार? तुझ्या अप्पाची पाठ बघून किती बघायची. पातं आदी वरडतंय, मग बोलतंय, मग पुटपुटतंय. पुटपुटाय लागलं की त्यो काढायचा. मग ईट घासायचा आवाज. मग गप. त्या गपमदी माझं ओंदु, एरडु, मूरु चालायचं. बाराला परत चर्र व्हायचं. पातं जाड असलं तर पंधराला."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"त्या मागाच्या खडखडाटात मलाच ऐकू येत नव्हतं. आनि तू घड्याळाला इचारत होतीस."

अप्पा, तिनं लग्न झाल्यापासून चौदा वर्षं तुमच्यासमोर घण मारला. तुम्ही पाठ केलीत, पण तिचे कान उघडेच होते. हे तुमच्या कधी मनात आलं होतं का?

मी सांडस तिच्यापुढे धरली. तिनं हात मागे घेतला. म्हणाली, "मी न्हाय धरायची. लोक काय म्हनतील?" लोक कुठे आहेत, मी म्हटलं, दारावर गोणपाट आहे. पातं निखाऱ्यात तापत होतं आणि जास्त तापून वाया जाणार होतं. ते तिला बघवलं नाही, म्हणून तिनं सांडस घेतली. डोणीपाशी गेली, आणि तिनं माझ्याकडे पाठ केली. मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता. चर्र. मग बोलणं. मग पुटपुटणं. विटेवरची खसखस. मी मनात मोजत होते, तिच्या कानडीत. बाराला पाणी परत वाजलं. नंतर विचारलं, "तू पाठ का केलीस?" ती गोंधळली. "केली व्हय?" म्हणाली. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत तिनं मला आपला कान दिला. माग चालू असायचे तेव्हा आम्ही नुसती घडण करायचो आणि पाणी सगळं त्या बंद वारी द्यायचो. खंडेनवमीच्या आधी मी चाचांकडे गेले. त्यांनी सुरी घेतली, अंगठा फिरवला, सांध्यावर दाबली, उचलली, पुन्हा दाबली. धार बघितली. एक अख्खं बकरं त्यांनी तिच्यानं सोडवलं. मी भिंतीशी उभी. मग त्यांनी ती धुतली, फडक्यानं पुसली आणि तुमच्या सुऱ्या टांगतात त्या खिळ्यांपैकी एका खिळ्याला टांगली. "जा," म्हणाले, "तेरे मामू को बोल, खाली गाड़ी लेके जाव."

मामा गाडी घेऊन आला होता. त्यानं पूजा केली, जेवला, बैल जुंपले. शब्दाला पक्का माणूस, ऐरणीचं नावही काढलं नाही. चाकाशी उभा राहून मात्र म्हणाला, "दाजींच्या मी पाया पडलो हुतो एकदा. म्हनलं, माझी खुरपी वाकत्यात, शेतकरी शिव्या देत्यात, एवढं पाणी तेवढं दाखवा. हसले, आनि जेवायला वाढायला सांगितलं अक्काला." तो रागानं बोलत नव्हता. आत अव्वा भांडी घासत होती, तिला ऐकू गेलं असणार. ती बाहेर आली नाही. गाडी गेल्यावर मी विचारलं, "मामाला सांगायचं का?" ती ताट विसळत म्हणाली, "तुझ्या अप्पानं सांगितलं न्हाय ते आपन का सांगायचं? माझ्यापाशी हाय काय दुसरं?" मला ते बरोबर वाटलं. तिनं कुणी न देता मिळवलेली ती एकच वस्तू आहे. आणि तरीही मला बसवेना. मी कॉलेजात टेबलावर हात आपटून म्हणाले होते की ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं. टाळ्या पडल्या होत्या. घरात तेच वाक्य म्हणायला जीभ उचलत नव्हती. ऑफिसच्या जागेला मी नकार कळवला, त्या कागदावर सही करताना हात एकदाही थांबला नाही. या गोष्टीनं मात्र आठ दिवस छळलं. माझा हातोडा चुकायला लागला. अव्वा म्हणाली, "ध्यान कुटं हाय तुझं?"

गेल्या सोमवारी मी तिला सांगितलं की कॉलेजातून दाखला आणायचा आहे, आणि मैंदर्गीच्या एस. टी.त बसले. मामा लिंबाखाली उघड्यावर काम करतो. मला बघून त्याचा चेहरा उतरला, त्याला वाटलं घरी काही झालं. मी म्हटलं, "मामा, चार गोणपाटं आण आणि बांध सगळीकडून." उन्हं कलेपर्यंत आम्ही अंधार केला. मी त्याचं खुरपं तापवलं. डोणीच्या पलीकडच्या बाजूला गेले, म्हणजे त्याचं तोंड माझ्याकडे आणि माझं त्याच्याकडे राहील, आणि म्हटलं, "बघू नको. ऐक." पहिलं मी दिलं, दुसरं दोघांनी, तिसरं त्यानं एकट्यानं. ते दगडावर आपटून बघितलं, वाकलं नाही. तो खाली मातीत बसला. "एवढंच?" म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "एवढंच व्हय?" निघताना त्यानं अव्वासाठी भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं दिलं. कॉलेजातून शेंगा कशा आणणार? येताना वाटेत वळसंगला उतरणाऱ्या एका बाईच्या मांडीवर ते ठेवून दिलं.

आज गुरुवार आहे. अव्वा चुलीशी बसली आहे आणि मी तिच्यापासून चार हातांवर हे लिहिते आहे. तिला वाचता येत नाही. हे तुम्हाला पोचायचं नाही, आणि खरं तर तुम्हाला लिहायचंही नव्हतं. तुम्हाला लिहायला सोपं जातं, तुम्ही उलट विचारत नाही. मामा केव्हातरी बोलून जाईल, त्याच्या पोटात राहत नाही, त्याआधी मला तिला सांगायला हवं. पण केलं ते केलं. जायच्या आधी मी तिला पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि तिच्या नकोपुढे माझी सगळी भाषणं गळून पडली असती. म्हणून आधी जाऊन आले.